चिरंजीव तेल आणि लाल दिवा

रूळ करंगळीच्या पेराएवढा होता. पोलादी आणि गुळगुळीत, फक्त एका बाजूला मसुराच्या डाळीएवढा चकचकीत, चपटा डाग. वंगणबाबांनी पांढऱ्या फडक्याने तो पुसला, वरचा स्क्रू जरा सैल केला आणि फडक्याच्या आडून अंगठ्याने रूळ किंचित फिरवला. डाग मागे गेला, कोरी बाजू पुढे आली. मग त्यांनी स्क्रू आवळला.

हे ताईंनी पाहिलं. बाकीचा टॅक्सी स्टँड बाबांच्या तोंडाकडे पाहत होता.

पाहण्यासारखं तोंड होतंच ते. गुळगुळीत आणि प्रसन्न. अंगावर पांढरेशुभ्र कपडे, आणि दिवसभर तेलात वावरूनही त्यांवर एक ठिपका नाही. हाच पहिला चमत्कार, असं चालक एकमेकांना सांगत होते. स्टँडमागच्या मोकळ्या जागेत माणसं बॉनेटवर, पायऱ्यांवर, भिंतीवर चढून बसली होती. मधोमध टेबलावर यंत्र होतं: विजेच्या मोटरवर फिरणारं पोलादी कडं, त्याला टेकणारा तो रूळ, रूळ दाबायला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला लटकवायची वजनं. कड्याच्या खाली तेलाची वाटी.

"मंडळी, हे बाजारचं तेल!" बाबांनी वाटी भरली. "कंपनी म्हणते, घाला. आणि थोडे दिवस गेले की तीच म्हणते, काळं पडलं, काढून फेका! अहो, जे फेकायचंच आहे ते घालायचं कशाला?"

हशा पिकला. शिष्याने मोटर सुरू केली, दांड्याला वजनं लावली. तिसऱ्या-चौथ्या वजनाला कडं किंचाळलं, धूर निघाला आणि मोटर जागच्या जागी थांबली. बायकांनी कानांवर हात ठेवले.

"ऐकलंत? हा तुमच्या गाडीचा आक्रोश. रोज असतो. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

बाबांनी वाटी बदलली, फडक्याने रूळ पुसला. ताईंनी अंगठ्यावरची नजर हलवली नाही. या वेळी अंगठा स्वस्थ होता. स्क्रूही सैल झाला नाही.

"आणि हे आपलं चिरंजीव तेल!" मधासारखा रंग, अत्तरासारखा वास. मोटर फिरली. वजनांमागून वजनं लागली, होती नव्हती ती सगळी लागली. वर बाबांनी स्वतःचा हात दांड्यावर टेकवला. मोटर नुसती गुणगुणत राहिली. टाळ्या पडल्या, मोबाइल उंचावले.

"घर्षण म्हणजे काय, मंडळी? लोखंडाचा अहंकार! चिरंजीव तेल लोखंडात मुरतं, अणुरेणूंत शिरतं आणि तो अहंकार विरघळवतं. झिजलेलं भरून काढतं. एकदा घाला, जन्मभर बदलू नका. स्कूटर असो, ट्रक असो, सगळ्यांना एकच. आकाश काय प्रत्येक गाडीला वेगळं असतं?"

ताई तंत्रनिकेतनात धातूंची प्रयोगशाळा सांभाळत. त्यांचं सारं आयुष्य सळ्या ताणण्यात, वाकवण्यात, तोडण्यात आणि त्या का तुटल्या हे मुलांना समजावण्यात गेलं होतं. इथे त्या आल्या होत्या त्या धाकट्या भावासाठी. स्टँडवर सगळे त्याला भाऊ म्हणत, आणि भाऊची थोरली बहीण म्हणून स्टँडने त्यांना ताई करून टाकलं होतं. भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. मांडीवर चिरंजीव तेलाची बाटली, आणि चेहरा निकाल चांगला लागलेल्या मुलासारखा.

"पाहिलंस ना, ताई?" तो गर्दीतून वाट काढत आला.

"पाहिलं. बाजारच्या तेलाआधी त्यांनी रूळ फिरवला. स्वतःच्या तेलाआधी नाही फिरवला."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. एकदा फिरवला, एकदा नाही."

"तू ना, लग्नाला गेलीस तरी नवरदेवाच्या बुटाला चिखल लागलाय का ते बघशील!"

शेजारचा लांब्या खो खो हसला. तोही टॅक्सीवाला. उंची एवढी की स्वतःच्या गाडीत घडी घालून बसायचा. "ताई, रूळ जाऊ द्या हो. भाऊच्या व्हॅनची खडखड गेली की नाही ते सांगा. आधी दोन गल्ल्या अलीकडून कळायचं, भाऊ येतोय. आता चोरासारखा येतो."

खडखड गेली होती, हे खरंच होतं. ताईंना चीड येत होती ती त्याचीच.

*

भाऊची व्हॅन डायलिसिसच्या रुग्णांना केंद्रावर नेत-आणत असे. दुसऱ्या दिवशी ताई मुद्दाम पुढच्या सीटवर बसल्या. मागे आजोबा होते. भाऊचे सर्वांत जुने प्रवासी. ज्या दिवशी केंद्रावर जायचं त्या दिवशी जायचंच, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव नियम उरला होता, आणि तो पाळायला त्यांच्याकडे भाऊशिवाय कोणी नव्हतं.

केंद्राच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली. तापलेलं इंजिन उभ्या जागी धुगधुगत होतं. समोरच्या, वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या चौकटीत वंगणबाबांचा गोल स्टिकर चिकटवलेला होता, प्रसन्न हसरा. ताई बघत राहिल्या. बाबांच्या उजव्या कानाला लाली चढली होती. गेली. पुन्हा चढली.

त्यांनी नखाने स्टिकरची कड उचलली. आत तेलाच्या झारीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकत होता.

"काढू नकोस तो!" भाऊने त्यांचा हात झटकला.

"कधीपासून लागतोय हा?"

"लागत नाही, लुकलुकतो. बाबांचे शिष्य म्हणाले, तेल मुरताना असं होतं. दिवा पाहून मन कच्चं होतं, म्हणून ते सगळ्यांना स्टिकर देतात."

"सगळ्यांना? आणि नेमका इथेच लावायला सांगतात?"

भाऊने उगाचच हॉर्न वाजवला.

"अरे, तेलाचा दाब पडला की हा दिवा लागतो. गाडीला बोलता येत नाही. तिच्याकडे एवढा एकच शब्द आहे, आणि तू तिच्या तोंडाला पट्टी लावलीस!"

मागून आजोबा खोकले. "मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी मला रिपोर्टच हातात दिला हो. वर चिकटवायला कुणाचा फोटो नाही दिला." मग हसू आवरून म्हणाले, "भाऊ, तुझ्या भरवशावर घरातून निघतो म्हणून विचारतो. पुलाच्या मध्यावर ही बंद पडली, तर मला चालवेल का रे?"

"आजोबा, आजवर एकदा तरी उशीर केलाय का मी?"

"नाही केलास. म्हणून तर बसतो."

आजोबांना आत सोडल्यावर ताईंनी भाऊला बॉनेट उघडायला लावलं आणि तेल ओतायच्या तोंडाचं झाकण त्याच्यासमोर धरलं. "वाच."

"पाच-डब्ल्यू-तीस. मग?"

"ही तुझ्या इंजिनाची मागणी आहे. थंडीत तेल किती पातळ हवं आणि तापल्यावर किती दाट हवं, ते. पुस्तिकेतही हेच असणार. झाकण सारखं तुझ्या हातात येतं, कधी पाहिलं नाहीस?"

"ते कंपनीवाले छापतात गं. अण्णा काय म्हणायचे?"

ताईंना ठाऊक होतं अण्णा काय म्हणायचे. त्यांचे वडील ट्रक चालवायचे. इंजिनातलं तेल मोजायच्या दांडीवरचं तेल चिमटीत धरायचे आणि बोटं हळूच उघडायचे. मध्ये तार आली तर तेल, नाहीतर पाणी. लहानपणी दोघा भावंडांची बोटं त्यांनी तेलात बुडवून ही परीक्षा शिकवली होती. अण्णा त्या स्टँडचे गुरूच होते. आजही तिथला प्रत्येक चालक दुकानात डबा फोडायला लावून चिमटीनेच तेल निवडायचा. जितकी लांब तार, तितकं तेल दणकट. भाऊने नवी व्हॅन घेतली आणि पहिल्या दिवसापासून तिला ट्रकचं दाट तेल पाजलं.

"अण्णांच्या ट्रकच्या इंजिनात फटी मोठ्या होत्या, भाऊ. दाट तेल आरामात फिरायचं. तुझ्या इंजिनाच्या वाटा अरुंद आहेत. सकाळी गार गाडी सुरू केलीस की ते दाट तेल पोचेपर्यंत बेअरिंग कोरडी घासतात. रोज थोडी थोडी. त्याची खडखड होती ती. आणि झिजून रुंदावलेल्या फटींतून तापलेलं तेल निसटतं, म्हणून दाब पडून दिवा लुकलुकतो."

"ती गेली ना पण!"

"याहून दाट तेल ओतलंस म्हणून दबली. रडणाऱ्याच्या तोंडावर उशी दाबली की आवाज थांबतोच. मेकॅनिक काय म्हणाला होता?"

"इंजिन उघडावं लागेल म्हणाला."

"मग?"

"बघू."

हा "बघू" ताई कित्येक महिने ऐकत होत्या. पुढच्या महिन्यात बघू, गर्दी ओसरली की बघू, रुग्णांची सोय लागली की बघू. त्यांना वाटलं, भाऊच्या खांद्यांना धरून गदागदा हलवावं.

"तुला भीती कसली आहे?"

भाऊ झाकण फिरवत बसला. आटे बसल्यावरही फिरवत राहिला. "उघडलं की दिसणार ना, चूक कुणाची ते. अण्णा चुकले म्हणायचं, की मी?"

ताईंनी बॉनेट खाली ओढलं. तेवढ्यात भाऊनेच विषय बदलला. "रविवारी ये तू. बाबांनी मला वजनं लावायला बोलावलंय. माझ्या व्हॅनचा दाखला देणार आहेत सगळ्यांसमोर."

"म्हणजे तुझ्या शब्दावर अख्खा स्टँड हे तेल ओतणार."

"ओतू देत की. भलं होईल."

*

रविवारी गर्दी दुप्पट होती. स्टँडवरची चहावाली मावशी दुकान सोडून पहिल्या रांगेत आली होती. तिच्या मुलाच्या रिक्षासाठी तिने बाटली आधीच घेऊन ठेवली होती.

"हे आपले भाऊ!" वंगणबाबांनी भाऊच्या खांद्यावर हात टाकला. "यांची गाडी मरणपंथाला लागली होती. मेकॅनिक म्हणाला, फाडा! कापा! आम्ही म्हणालो, पाजा! आज ती गाडी कशी आहे, भाऊ?"

"शांत आहे," भाऊ म्हणाला. ताईंकडे न बघता.

खेळ सुरू झाला. फडकं, स्क्रू, अंगठा. बाजारचं तेल किंचाळलं. बाबांनी वाटी बदलली, रूळ पुसला, आणि भाऊने पहिलं वजन उचललं.

"एक मिनिट," ताई उठल्या. "बाजारच्या तेलाआधी रूळ फिरवलात. आताही फिरवा."

"या भाऊंच्या भगिनी. विदुषी आहेत," बाबा गोड हसले. "भगिनी, शंका हेसुद्धा घर्षणच. मनाचं!"

लोक हसले. ताई हसणं संपेपर्यंत थांबल्या. "असेल. रूळ फिरवा."

"हे सिद्ध यंत्र आहे. त्याला वरचेवर हात लावायचा नसतो."

"आत्ताच लावलात."

लांब्या फिस्सकन हसला. शिष्य पुढे सरसावले. पण ताईंच्या मदतीला धावून आली ती बाबांची भक्तच. चहावाली मावशी ठणकावून म्हणाली, "अहो बाबा, फिरवा की! बाई एवढ्या म्हणतायत तर दाखवाच त्यांना. तुमच्या तेलाला काय धाड भरलीय?"

"हो हो, दाखवा!" गर्दी ओरडली. कुणाच्याही मनात शंका नव्हती. सगळ्यांना ताईंची जिरलेली पाहायची होती. बाबांचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, दुकान बंद झालं तरी पेटत राहिलेल्या पाटीसारखं.

"मी फिरवतो," भाऊ वैतागून म्हणाला. "हिचं समाधान होऊ दे एकदाचं."

बाबा काही बोलायच्या आत त्याने स्क्रू सैल केला, रूळ फिरवून कोरी बाजू पुढे आणली, स्क्रू आवळला आणि वजनं लावायला लागला. पहिलं, दुसरं, तिसरं. मग तेच किंचाळणं, तोच धूर. मोटर बाजारच्या तेलाला जितक्या वजनांवर थांबली होती, तितक्याच वजनांवर थांबली. फक्त या वेळी धुराला अत्तराचा वास होता.

भाऊच्या हातात पुढचं वजन तसंच राहिलं.

"नकारात्मक लहरी!" बाबांनी डोळे मिटले. "या जागेत आता—"

"मावशी, तुमची भांडी धुवायची बादली आणा," ताई म्हणाल्या. "आणि भाऊ, आता रूळ फिरवू नकोस. तसाच पूस."

वाटीत साबणाचं गढूळ पाणी ओतलं गेलं. मोटर फिरली. भाऊने एकेक वजन लावलं. सगळी लावली. मग स्वतःचा हात दांड्यावर टेकवला. मोटर गुणगुणत राहिली, चिरंजीव तेलासारखीच.

मग लांब्या म्हणाला, "मावशी, उद्यापासून गाडीत तुमचं खरकटं पाणी!"

हास्याचा स्फोट झाला. आणि त्या गदारोळात मागून एकाने अगदी मनापासून विचारलं, "कुठला साबण वापरता हो, मावशी?"

ताईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. "साबण नको! पाणी नको! तेच तर सांगतेय मी!" प्रयोगशाळेतसुद्धा त्यांचा आवाज इतका चढत नसे. त्यांनी श्वास घेतला, स्क्रू सोडवला आणि रूळ मावशीच्या तळहातावर ठेवला. "हे डाग बघा. मावशी, कुणी टोकदार टाचेच्या बुटाने तुमच्या पायावर उभं राहिलं तर?"

"जीव जाईल की!"

"आणि तेच माणूस सपाट चपलेने उभं राहिलं तर?"

"लागेल, पण तेवढं नाही."

"माणूस तेच, वजन तेच. कोरा गोल रूळ कड्याला रेघेएवढ्याच जागेत टेकतो. सगळा भार त्या रेघेवर, म्हणून पोलाद पोलादाला चिकटतं आणि किंचाळतं. किंचाळताना घासून तिथे सपाट डाग पडतो. पुढच्या खेपेला तोच डाग टेकवला की भार पसरतो. मग वाटीत काहीही घाला, मोटर चालते. बाजारचं तेल नेहमी आधी, कोऱ्या बाजूवर. चिरंजीव तेल नेहमी नंतर, डागावर. सगळी सिद्धी एवढ्या अंगठ्यात आहे."

रूळ हातोहात फिरू लागला. शिष्य भराभर बाटल्या खोक्यात भरत होते. बाबा आपल्या मोटारीकडे निघाले तेव्हा लांब्या आडवा आला. "बाबा, तुमच्या गाडीत कुठलं तेल हो?"

"ही... ही अजून वॉरंटीत आहे," बाबांच्या तोंडून निघून गेलं, आणि दार धाडकन लागलं.

"पण ताई, त्या तेलात आहे तरी काय?" कुणीतरी विचारलं.

"तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. दाट आहे, एवढं दिसतंय. तुम्हीही कुणी सांगितलं म्हणून मानू नका, माझंही नाही. रूळ फिरवून बघा. गाडीला कुठलं तेल, हे बाबाला विचारू नका आणि चिमटीलाही विचारू नका. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. कितीदा बदलायचं तेही तिथेच आहे. तोच आकडा आणि तोच दर्जा लिहिलेला सीलबंद डबा घ्या, मग तो महागातला नसला तरी चालेल. तेल काळं पडतं ते काजळी उचलतं म्हणून. फडकं मळतं म्हणून कुणी फरशी पुसणं सोडतं का? आणि झिजलेलं लोखंड कुठलंही तेल भरून काढत नाही. कुठलंही."

काहींनी माना हलवल्या. दोघातिघांनी त्याच वेळी शिष्यांकडून घाईघाईने बाटल्या घेतल्या, कारण आता त्या स्वस्तात मिळत होत्या. "असू दे, घरात असलेली बरी," एकजण म्हणाला. मावशीने मात्र आपली बाटली शिष्याच्या खोक्यात उभी केली आणि पैसे मिळेपर्यंत खोकं हलू दिलं नाही.

भाऊ गर्दीत नव्हता.

तो व्हॅनमध्ये बसला होता. इंजिन सुरू होतं, तापेपर्यंत तो तसाच थांबला असावा. ताई शेजारच्या सीटवर बसल्या. बाबांच्या कानाला लाली चढत होती, उतरत होती. भाऊने स्टिकर नखाने सोलला. तो एका तुकड्यात निघाला नाही, हनुवटी चिकटूनच राहिली. ती त्याने खरवडून काढली. लाल दिवा उघडा पडला.

"अण्णा त्यांच्या ट्रकपुरते बरोबर होते, भाऊ," ताई हळू आवाजात म्हणाल्या. परवाच म्हणायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. "आणि तू त्यांच्यावर विश्वास ठेवलास. त्यात लाज कसली?"

भाऊने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो समोर ठेवून आवाज मोठा केला.

"भाऊ, उद्याचं लक्षात आहे ना रे?" आजोबांचा आवाज आला. "नेहमीच्याच वेळी?"

भाऊने दिव्याकडे पाहिलं. इंजिन बंद होतं, पण किल्ली अर्ध्यावरच फिरवलेली होती आणि आता तो लुकलुकत नव्हता, सरळ लाल जळत होता.

ताई त्याच्या "बघू"ची वाट पाहत होत्या.

"आजोबा," भाऊ म्हणाला, "उद्या तुम्हाला लांब्या नेईल. मी इंजिन उघडतोय."